एका अंगाची धार

मगदूम आण्णांनी माझी सुरी जप्त केली, तेव्हा त्यांच्या गल्लीत राहायला येऊन मला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. सुरी त्यांनीच करून दिलेली होती हे खरं. पण दिलेली वस्तू कुणी परत नेतं का? हा माणूस सकाळी दारात उभा राहिला, "बाई, तपासणी हाय," म्हणाला, सरळ ओट्यापाशी गेला, सुरी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हिनं काय फोडलासा?"

मी शाळेत गणित शिकवायची. नुसत्या नजरेनं वर्ग गप्प बसवायची. पण त्या दिवशी चोरी पकडल्यासारखी बोलून गेले, "तुपाचा डबा उघडला."

आण्णांनी सुरी रुमालात गुंडाळली. "पंधरा दिवसांनी या," म्हणाले आणि गेले. पुढचे पंधरा दिवस मी विळीवर कांदे चिरले आणि प्रत्येक कांद्यामागे त्यांचा उद्धार केला. सोळाव्या दिवशी सुरी आणायला गेले, तेव्हा आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की डबा, बूच, नारळ आणि खिळा यांच्या वाटेला ही सुरी जाणार नाही. खिळा कोण सुरीनं काढतं, असं मी फणकाऱ्यानं विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या शेजारच्या जाधवांनी काढलाय."

इराप्पा मगदूम हे त्यांचं नाव. गाव हातकणंगल्याकडचं, नोकरी सरकारी, जमीन मोजणीची. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. आण्णा दिवसभर कुणाच्या तरी शेतात उन्हात उभे राहून बांध मोजायचे, दोन भावांची भांडणं ऐकायचे, कधी मधे पडून ढकललेही जायचे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत नीट सारून, मागच्या जुन्या न्हाणीघरात शिरायचे. तिथं विटांची एक भट्टी, हातानं फिरवायचा पंखा, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा ऐरण म्हणून, आणि भिंतीभर कानशी. ट्रकच्या तुटलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून सुऱ्या, खुरपी, अडकित्ते, पटाशी असं काय काय करत बसायचे. विकायचे नाहीत. मागेल त्याला द्यायचे, पण असं फुकट घेण्यापेक्षा विकत घेतलेलं परवडलं, असं घेणाऱ्याला वाटेपर्यंत छळायचे. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटावर ठिणग्यांची बारीक भोकं होती. बायको, म्हणजे आमच्या गल्लीच्या अक्का, ती भोकं रफू करायच्या.

हा नाद का, असं मी एकदा विचारलं होतं. आण्णा म्हणाले, "बाई, मोजणी कितीबी बरोबर करा, एक भाऊ शिव्या घालतोयच. सुरीचं तसं न्हाई. बरोबर झाली की झाली. कुणी अपील करत न्हाई."

त्यांचा एक सिद्धांत होता, आणि त्यावर ते ऐकून घ्यायचे नाहीत. धार एकाच अंगाला. पात्याच्या उजव्या अंगाला उतार, डावं अंग आरशासारखं सपाट. दोन्ही बाजूंनी घासलेल्या बाजारच्या सुऱ्यांबद्दल ते ज्या सुरात बोलायचे त्या सुरात माझे सासरे दारुड्या भाच्याबद्दल बोलायचे. "दोन अंगानं घासली की पातं गोंधळतंय. हिकडं जाऊ का तिकडं जाऊ. एका अंगाची धार सरळ जाती, आणि फोड आपसूक बाजूला पडती." आणि पडायची हो! टोमॅटोची चकती अशी अलगद सुटायची, की मी नुसती गंमत म्हणून तीन टोमॅटो जास्तीचे चिरले होते आणि मग घरच्यांना दोन दिवस सार प्यायला लावलं होतं.

सुरी करण्याआधी ते माप घ्यायचे. हा गल्लीतला प्रसिद्ध कार्यक्रम होता. मागणाऱ्या बाईनं त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसायचं, हातात बटाटा आणि स्वतःची नेहमीची सुरी घ्यायची आणि चिरायला लागायचं. आण्णा समोर बुटक्या स्टुलावर बसून हाताकडं बघत राहायचे आणि वहीत लिहायचे. अंगठा कुठं टेकतो, मनगट किती वळतं, बोटं लांब का आखूड. तोंडाकडं बघायचे नाहीत. माझ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "घाई फार. मूठ जाड पाहिजे." मला राग आला तो आला, पण मूठ बरोबर बसली.

जाधव वहिनींच्या मटणाच्या सुरीची गोष्ट सांगितल्याशिवाय आण्णा कळायचे नाहीत. आण्णा पक्के शाकाहारी. घरात अंड्याचं नाव निघायचं नाही. आणि राहायला कोल्हापुरात. वहिनींनी मटणाची सुरी मागितली तेव्हा आण्णांनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी हो म्हणाले. करून झाली. पण सुरी कामाला लागलेली बघितल्याशिवाय ताब्यात द्यायची नाही, हा नियम त्यांचाच. मग रविवारी सकाळी आण्णा जाधवांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, खिडकीकडं पाठ करून, नाकाला टॉवेल लावून उभे राहिले. आतून वहिनी चिरतायत, बाहेरून हे ओरडतायत, "आवाज कसला येतोय? करकर का चरचर?"

"चरचर!"

"मनगट दुखालंय?"

"न्हाई की!"

"हाडाला लावू नगासा! हाड धरून केलेली न्हाई ती!"

दहा मिनिटं हा प्रकार चालला. गल्लीत कुणी हसलं नाही. रविवारी सकाळी, मटण चिरलं जात असताना, कोल्हापुरात कुणी हसत नाही. ते गंभीर काम असतं. शेवटी आण्णांनी टॉवेल काढला, "पास," म्हणाले, आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली.

तापवलेलं पातं ते पाण्यात नाही, तेलात बुडवायचे. शेंगतेलात. भट्टीतलं लाल पातं तेलात गेलं की असा वास सुटायचा, की सगळ्या गल्लीला वाटायचं मगदुमांच्यात भजी चालल्यात. पहिल्यांदा चार जण सहज म्हणून डोकावले. एक पावणं तर कुणाचे होते तेच कळलं नाही, पण येऊन बसले. अक्कांची पंचाईत झाली. तेव्हापासून आण्णा सुट्टीच्या दिवशी पात्याला पाणी द्यायला, म्हणजे हे तेलात बुडवायला, बसले, की अक्का आधीच कांदा चिरून, पीठ भिजवून, दुसरी कढई चढवून तयार असायच्या. गल्लीत आण्णांच्या नादाला जो पाठिंबा होता तो बराचसा ह्या भज्यांमुळं होता, असं माझं स्वच्छ मत आहे.

आणि त्या भज्यांचा कांदा अक्का चिरायच्या लाल प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीनं. जोतिबाच्या यात्रेत घेतलेली, पत्र्यासारखी पातळ, दोन्ही अंगांनी घासलेली सुरी.

आण्णांचं दुःख म्हणतात ते हे. सगळ्या गल्लीत त्यांची सुरी चालायची. मुरगूडच्या माझ्या नणंदेच्या घरी चालायची. त्यांच्या स्वतःच्या घरात चालत नव्हती.

दर खंडेनवमीला ते न्हाणीघरातली हत्यारं पाटावर मांडायचे. हातोडे, सांडशी, कानशी, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मधोमध त्या वर्षीची नवी सुरी. ती अक्कांची. पूजा झाली की आण्णा दोन्ही हातांनी सुरी पुढं करायचे. अक्का पदराला हात पुसून घ्यायच्या, बघायच्या, म्हणायच्या, "बरी हाय." आणि आतल्या कपाटात ठेवून द्यायच्या. संध्याकाळची भाजी लाल मुठीनं. पुढच्या खंडेनवमीला दुसरी सुरी. मोजणीचा माणूस, त्यामुळं पद्धतशीर. दर वर्षी एकच गोष्ट बदलायची. एका वर्षी लांबी बोटभर कमी, एका वर्षी वजन, एका वर्षी टोकाचा बाक. एकदा मुठीसाठी खास चंदगडहून फणसाचं लाकूड आणलं, अक्कांचं माहेर तिकडचं म्हणून. एसटीत तो ओंडका मांडीवर घेऊन बसले होते. अक्का म्हणाल्या, "बरी हाय." कपाट.

मला वाटायचं, ही बाई इतकी कशी हट्टी!

मग एका भज्यांच्या दिवशी मी मदतीला म्हणून न विचारता सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. अक्का कोपऱ्यात, दाराकडं पाठ करून बसल्या होत्या. खटखटखट कांदा पडत होता. मी पुढं जाऊन वाकले आणि बघितलं, सुरी डाव्या हातात. काय सुंदर चालत होता तो हात! मला बघितल्याबरोबर अक्कांनी सुरी खाली टाकली आणि हात पदराखाली घेतला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखी घाबरली.

"अहो, डावखुऱ्या आहात तर असू दे की," मी म्हटलं.

"हळू बोला, बाई."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हात बघितला. डाव्या हातानं चिरलेलं देवाला चालत नाही म्हणाल्या आणि उलथन्यानं मारलं. मारून मारून वाढणं, लाटणं, मळणं सगळं उजव्यावर आणलं. चिरणं काही येईना. बोटं कापायला लागली. शेवटी सासूबाईंनी सवलत दिली. चिर डाव्या हातानं, पण दाराकडं पाठ करून. कुणाला दिसता कामा नये. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली होती. पाठ तशीच होती.

"आणि आण्णांना?"

"त्यास्नी कुठलं ठाऊक?"

म्हणजे डझनभर नाही, सत्तर सुऱ्या केल्या असत्या तरी उपयोग नव्हता. उजव्या अंगाचा उतार डाव्या हातात सुरीला भलतीकडं ओढणार, हे कुणालाही कळेल. अक्कांना तर पहिल्या वर्षीच कळलं होतं. "घेतली की हातात. बटाट्यात तिरकी पळती. एक फोड जाड, एक बारीक."

"अहो, मग सांगा की त्यांना!"

अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझा आवाज खाली आला. "का सांगायचं? गल्लीतल्या सगळ्या बायकास्नी बसवून बटाटा चिराय लावला. तुमाला लावला. त्या जाधवीणबाईला खिडकीतनं इचारलं, मनगट दुखालंय का म्हणून. मला एकदा तरी म्हणले व्हय, बस, चिर बघू?" मग सुरी उचलून पुन्हा डाव्या हातानं कांदा घेतला. "सांगशीला तर माझी शपथ हाय."

मी चार वर्षं शपथ पाळली. उत्तर माहीत असून फळ्यावर लिहायचं नाही, ही शिक्षा गणिताच्या बाईला कुणी देऊ नये. दर खंडेनवमीला मी प्रसादाला जायची, "बरी हाय" ऐकायची आणि घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर उगीच डाफरायची.

आण्णा निवृत्त झाले, त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते स्वतःच माझ्याकडं आले. तपासणीला नाही. हातात वही होती. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, तुमी गणिताच्या. हे बघा. सतरा वर्सं, सतरा बदल. पोलाद बदललं, जाडी बदलली, मूठ सहा लाकडांची करून बघितली. काय ऱ्हायलंय सांगा."

मी वही बघितली. एकेक ओळ रेघ मारून, स्वच्छ अक्षरात. शेवटच्या रकान्यात सतरा वेळा लिहिलं होतं, "पसंत नाही."

"तिला लोखंडाचं काय कळत न्हाई म्हणून सोडून दिलं असतं," आण्णा म्हणाले, "पर तिला कळतंय. मी पात्याला पाणी देताना लांबनं सांगती, जास्त तापलं म्हणून. आणि बरोबर असतंय. तिला पसंत न्हाई म्हणजे सुरी चांगली न्हाई, बाई. गल्ली काय, गल्ली भजी खाऊन चांगलंच म्हणती. मग मी इतकी वर्सं केलं काय?"

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, सरकारी. पण पुसलेला चष्मा काढून ते पुन्हा पुसायला लागले. मला भयंकर राग आला. त्यांचा, अक्कांचा, त्या मेलेल्या सासूचा, सगळ्यांचाच.

"आण्णा," मी म्हटलं, "अक्कांचं पान कुठं आहे ह्या वहीत?"

"कसलं पान?"

"मापाचं. माझं आहे, जाधव वहिनींचं आहे, दूधवाल्याच्या आईचं आहे. अक्कांना बटाटा चिरायला लावला होतात कधी?"

"घरच्या माणसाचं काय माप घ्यायचं? ते ठाऊकच असतंय की."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. शपथ होती. पण माझ्या गप्प बसण्याची ख्याती शाळेत होती, आणि आण्णाही शेवटी हुशार माणूस. ते उठले. मी मागोमाग गेले. कारण म्हणून हातात एक वाटी घेतली, साखर मागायला आल्यासारखी.

आण्णांनी सोप्यातलं बुटकं स्टूल उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत नेलं. टोपलीतला एक बटाटा काढून अक्कांपुढं ठेवला. समोर बसले. वहीचं कोरं पान काढलं.

"बस. चिर बघू."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"आत्ताच?"

"आत्ताच."

अक्कांनी लाल मुठीची सुरी आधी उजव्या हातात घेतली. थांबल्या. मग ती डाव्या हातात घेतली आणि चिरायला लागल्या. एकसारख्या, नखाएवढ्या जाडीच्या फोडी. बटाटा संपला. आण्णांनी दुसरा ठेवला. तो संपला. तिसरा ठेवला. वहीत त्यांनी अजून काही लिहिलं नव्हतं.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"जल्मापासनं."

"आणि मी कुठं होतो?"

"तुमी मोजणीला गेलता."

मग आण्णा उठले आणि आतल्या कपाटातून सतराच्या सतरा सुऱ्या काढून आणल्या. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली. उलगडल्या तर एकीवर गंजाचा ठिपका नाही. सगळ्यांवर तेलाचा ताजा हात.

"तेल कोण लावतंय?"

"मीच. दुसरं कोण लावणार?"

आण्णा पुन्हा स्टुलावर बसले. "चुकलं माझं," म्हणाले. साठीच्या पुरुषानं, गल्लीतल्या बाईसमोर, बायकोला. मी वाटी तिथंच विसरून घरी आले.

त्या खंडेनवमीला पाटावर सुरी नव्हती. पुढं पाच महिने झालीच नाही. उतार डाव्या अंगाला घ्यायचा, एवढंच काम. पण आण्णांचा हात वळेना. इतक्या वर्षांची सवय. कानस हातात घेतली की ती उजव्या अंगाला जायची. चार पाती वाया गेली. मग त्यांनी ठरवलं, आपला डावा हात तयार करायचा. डाव्या हातानं दात घासायला लागले, कुलूप लावायला लागले, जाधवांच्या घरच्या लग्नपत्रिकांवर डाव्या हातानं नावं लिहून दिली, तेव्हा निम्मे पाहुणे आलेच नाहीत. एकदा जेवायलाही डावा हात घातला. अक्का कडाडल्या, "जेवताना न्हाई! लोकं काय म्हणतील?" आण्णांनी मुकाट्यानं हात बदलला.

अशातच आमचं पुण्याला राहायला जायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. निरोप घ्यायला म्हणून सकाळी गेले, तर अक्का स्वयंपाकघरात नव्हत्या. बाहेर कट्ट्यावर, गल्लीकडं तोंड करून, पुढ्यात गवारीचा ढीग घेऊन बसल्या होत्या. डावा हात भर उजेडात, खटखट चालला होता. हातात नवी सुरी. येणारा-जाणारा बघत होता. अक्का वर मान करून "काय, कुठं निघालासा?" असं विचारतही होत्या. आण्णा त्यांच्या शेजारी खालच्या पायरीवर, कानस घेऊन.

"मूठ जरा मोठी वाटालीया," अक्का म्हणाल्या आणि सुरी खाली दिली. आण्णांनी चार हात मारले, पुसून परत दिली. अक्कांनी दोन शेंगा चिरल्या. "मागनं जरा बोचतंय." पुन्हा सुरी खाली. पुन्हा चार हात. "आता?" "आता पुढनं." दुसऱ्या कुणी त्यांच्या सुरीला इतकी नावं ठेवली असती तर आण्णांनी ती जागच्या जागी जप्त केली असती.

आण्णा बारीक कानस आणायला आत गेले तेव्हा मी सुरी हातात घेऊन बघितली. मूठ अशी गुळगुळीत, की बोट सरकावं. मी हळूच म्हटलं, "अक्का, चांगली तर आहे की हो. उगीच का छळताय?"

"लई चांगली हाय," अक्का म्हणाल्या. "पयल्या शेंगेलाच कळलं."

"मग? घासून घासून मूठ संपेल ना!"

"संपू दे. दुसरी करतील." अक्कांनी सुरी माझ्याकडून घेतली, डाव्या हातात नीट धरली आणि दाराकडं बघितलं. "आत्ता कुठं इचाराय लागल्यात, बाई. इचारू देत की जरा."

आण्णा कानस घेऊन बाहेर आले, पायरीवर बसले आणि हात पुढं केला. "दे. कुठं बोचतंय, दाव."